तिसऱ्या ओळीवरची गाठ

एखादी व्याख्या स्वतःभोवतीच फिरतेय अशी शंका आली, की अ‍ॅग्डा हे गणिती सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर त्या ओळींच्या मागे फिका नारिंगी रंग भरतं. त्या जानेवारीत हा रंग माझ्या स्क्रीनवर रोज असायचा. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला त्या दिवसांत चारच्या सुमारास अंधार पडतो. खिडकीबाहेर ट्रामचे दिवे लागायचे, आणि मी त्याच सात ओळींसमोर बसलेली असायचे. काही जागा बदलून, काही नावं बदलून मी त्या पुन्हा लिहायचे. रंग जायचा नाही.

पीएच.डी.चं दुसरं वर्ष होतं. माझं काम प्रोग्रामिंग भाषांच्या सिमँटिक्सचं, म्हणजे भाषेतल्या प्रत्येक रचनेचा अर्थ गणितात इतका पक्का करायचा, की त्या भाषेबद्दल प्रमेयं सिद्ध करता यावीत. त्याला जोडून टाइप थिअरी. या विषयाची पहिली ओळख मला मुंबईत झाली. 2015 च्या जानेवारीत पॉपल ही आमच्या क्षेत्रातली मोठी परिषद मुंबईला भरली होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने गेले आणि मागच्या रांगेत बसून ऐकलं. दहा टक्केसुद्धा कळलं नाही, पण एक गोष्ट मनात रुतून बसली. ही माणसं प्रोग्राम चालवून बघत नव्हती. जे प्रोग्राम अजून कुणी लिहिलेलेच नाहीत, त्या सगळ्यांबद्दल ती एकदम बोलत होती.

टाइप म्हणजे काय हे मला पुस्तकाआधी अण्णांच्या दुकानात कळलं होतं. त्यांचं मिरजेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सोळा अँपिअरच्या प्लगच्या पिना जाड असतात, त्या सहाच्या सॉकेटात शिरतच नाहीत. कुणी तिथे उभं राहून 'हे जोडू नका' असं सांगावं लागत नाही, आकारच सांगतो. टाइप सिस्टिम हेच करते. आकड्याच्या जागी वाक्य, फंक्शनच्या जागी आकडा असं काही जोडू गेलात, तर प्रोग्राम चालण्याआधीच अडवते. एडिनबरोच्या रॉबिन मिल्नर यांनी 1978 साली याला प्रमेयाचं रूप दिलं: टाइप नीट जुळलेला प्रोग्राम चालताना भलत्या अवस्थेत जाऊन पडत नाही. आमच्या क्षेत्रातली अर्धी सिद्धता-परंपरा या एका वाक्यामागे उभी आहे.

मला त्याहून जास्त हवं होतं. मी एक छोटी भाषा घेतली होती: आकडे, फंक्शन्स आणि टाइप. मुळात ती अलोन्झो चर्च यांची 1940 मधली, साध्या टाइपांचा लॅम्डा कॅल्क्युलस. या भाषेतला टाइप जुळलेला प्रत्येक प्रोग्राम कधीतरी थांबतोच, हे तिच्याबद्दलचं जुनं, प्रसिद्ध प्रमेय. ते आधी स्वतःच्या हाताने सिद्ध करायचं, मग भाषेत एकेक नवी सोय घालत जायचं आणि प्रत्येक पायरीला प्रमेय टिकतं का ते बघायचं, असा बेत होता.

पहिल्यांदा हे प्रमेय सिद्ध करायला बसणारा जवळजवळ प्रत्येकजण एकाच जागी अडतो. मीही अडले. प्रोग्रामच्या रचनेवर इंडक्शन लावायचं: लहान तुकडे थांबतात असं धरून मोठा तुकडा थांबतो हे दाखवायचं. आकड्याचं सोपं. फंक्शनचं सोपं, कारण नुसतं फंक्शन काही करतच नाही, कुणी वापरेपर्यंत पडून राहतं. फंक्शनला काही दिलं, तिथे मात्र हात टेकावे लागतात. फंक्शन थांबतं, त्याला दिलेली वस्तू थांबते, पण दोन्ही एकत्र आल्यावर काय होईल याबद्दल हातात काहीच नसतं. 'जे मिळेल ते त्यालाच दे' असं फंक्शन घ्या. एकटं असताना ते शांत असतं. त्याला तेच फंक्शन दिलं की ते अखंड फिरत राहतं. टाइप असलेल्या भाषेत हे फंक्शन लिहिता येत नाही हे खरं, पण 'थांबतं' एवढ्या एका शब्दात ती माहिती कुठे साठवलेलीच नाही.

यावरचा उपाय विल्यम टेट यांचा, 1967 चा. तो पहिल्यांदा समजला त्या दिवशी मी वही मिटून नुसती चालत सुटले होते. सिद्ध करायचं आहे त्याहून जास्त मागायचं! माझ्या वहीत मी त्याला 'गुणी' असा शब्द वापरत असे. आकडा देणारा प्रोग्राम गुणी म्हणजे तो थांबतो आणि आकडा देतो. फंक्शन गुणी म्हणजे त्याला कोणतीही गुणी वस्तू द्या, निघणारं उत्तर गुणीच असतं. मग सगळे प्रोग्राम गुणी आहेत हे सिद्ध करायचं. अडलेली पायरी आता एका ओळीत सुटते, कारण जे हवं होतं ते व्याख्येतच भरून ठेवलंय. आणि व्याख्या गोल का फिरत नाही? फंक्शनच्या टाइपची व्याख्या त्याच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या टाइपांवर टेकते, आणि ते दोन्ही त्याच्याहून लहान असतात. पायऱ्या उतरत आकड्यापाशी येऊन थांबायचं. उतरण असणं किती महत्त्वाचं आहे हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

कागदावर सिद्धता दोन पानांत झाली. मग ती अ‍ॅग्डात लिहायला घेतली. अ‍ॅग्डा हा प्रूफ असिस्टंट गॉथेनबर्गचाच, चाल्मर्स विद्यापीठातला. आजची अ‍ॅग्डा उल्फ नोरेल यांच्या 2007 च्या प्रबंधातून उभी राहिली. तिच्यात सिद्धता लिहायची म्हणजे मोकळ्या जागा सोडत जायचं. प्रत्येक जागेपाशी अ‍ॅग्डा सांगते की इथे काय सिद्ध करायचं आहे आणि तुझ्या हाताशी काय काय आहे. तुम्ही जागा भरता, तिच्यातून दोन लहान जागा उघडतात. हा संवाद दिवसभर चालतो आणि त्याची खरोखर ओढ लागते. मी जेवण विसरलेली आहे.

कागदावर 'व्हेरिएबलच्या जागी किंमत घालू' असं एक वाक्य मी लिहिलं होतं. त्या एका वाक्याने सहा आठवडे घेतले. व्हेरिएबलची नावं यंत्राला नीट सांभाळता येत नाहीत. आतल्या 'क्ष'ची बाहेरच्या 'क्ष'शी गल्लत होते. म्हणून आइंडहोवेनच्या डी ब्रॉइन यांनी 1972 मध्ये सुचवलेली पद्धत वापरतात: नावंच ठेवायची नाहीत, 'आतून मोजत बाहेर गेल्यास कितवा' हा आकडा ठेवायचा. गल्लत संपते, पण आता प्रत्येक वेळी आकडे सरकवावे लागतात, आणि सरकवणं व बदलणं कोणत्याही क्रमाने केलं तरी एकच उत्तर येतं याची लहान लहान लेमांची, म्हणजे मधल्या मदतीच्या विधानांची, रांग लागते. त्यांत कल्पकतेला फारशी जागा नसते. 2005 मध्ये काही संशोधकांनी पॉपलमार्क नावाचं आव्हानच काढलं होतं, की आपल्या शोधनिबंधांतल्या सिद्धता यंत्राकडून तपासून घेणं कितपत जमतं ते बघूया. त्यातही या व्हेरिएबलांच्या बांधणीने सगळ्यांना बरंच झुंजवलं होतं. ते वाचून मला धीर आला. डिसेंबरच्या मध्यावर माझी फाइल पूर्ण लोड झाली. कुठेही रंग नाही. दोन पानांच्या अकराशे ओळी झाल्या होत्या.

मग मी भाषेत रेफरन्स घातले.

रेफरन्स म्हणजे मेमरीतली जागा. तिच्यात किंमत ठेवता येते, वाचता येते, बदलता येते. जगातली बहुतेक सगळी प्रोग्रामिंग यावर चालते, त्यामुळे ही पायरी मला किरकोळ वाटली होती. व्याख्या वाढवायला बसले. आता फंक्शन गुणी केव्हा? त्याला गुणी वस्तू द्या आणि गुणी मेमरी द्या, मग ते थांबून गुणी उत्तर आणि गुणी मेमरी परत देतं, तेव्हा. मेमरी गुणी केव्हा? तिच्यातल्या प्रत्येक जागेत ठेवलेली किंमत त्या जागेच्या टाइपप्रमाणे गुणी असते, तेव्हा. वाचायला अगदी सरळ आहे. मी लिहिलं, लोड केलं, आणि सात ओळी नारिंगी झाल्या.

कारण समजायला पाच मिनिटं लागली. मेमरीत फंक्शनसुद्धा असू शकतं. म्हणजे फंक्शन गुणी आहे का ते ठरवायला मेमरी गुणी हवी, आणि मेमरी गुणी आहे का ते ठरवायला तिच्यातली फंक्शन्स गुणी हवीत, कदाचित त्याच टाइपची, कदाचित त्याहून मोठ्या टाइपची. उतरणच उरली नव्हती. पण कारण कळलं तरी मी त्याचा अर्थ लावला तो असा, की अ‍ॅग्डाचा तपास भोळा आहे, तिला माझी व्याख्या पटवून द्यायची योग्य युक्ती मला सापडत नाहीये.

अ‍ॅग्डा याबाबत इतकी कडक का असते? तिच्यात सिद्धता आणि प्रोग्राम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. विधान म्हणजे टाइप, आणि त्याची सिद्धता म्हणजे त्या टाइपचा प्रोग्राम. विल्यम हॉवर्ड यांनी 1969 च्या टिपणांत हे नातं मांडलं, ती टिपणं 1980 मध्ये छापली गेली, आणि टाइप थिअरीवाल्यांची सगळी वस्ती आज त्या नात्यावर आहे. पण हे खरं राहण्यासाठी प्रत्येक प्रोग्राम थांबायला हवा. न थांबणाऱ्या प्रोग्रामला कोणताही टाइप चिकटवता येतो. 'हे का खरं?' असं विचारलं तर 'कारण हे खरं आहे' असं उत्तर देत बसणारा प्रोग्राम कोणतंही विधान सिद्ध करून दाखवेल. स्टॉकहोमच्या पेर मार्टिन-लॉफ यांनी 1971 मध्ये आपली टाइप थिअरी पहिल्यांदा मांडली, तेव्हा त्यांनी सगळ्या टाइपांचा मिळून एक टाइप मानला होता आणि तो स्वतःही त्यातच मोडत होता. जाँ-इव्ह जिरार यांनी दाखवून दिलं की यातून विसंगती निघते. मार्टिन-लॉफ यांनी ती मांडणी मागे घेतली, टाइपांच्या पायऱ्या केल्या आणि पुन्हा उभारणी केली. ही हकिकत मी पहिल्या सत्रात शिकले होते, परीक्षेत लिहिलीही होती. तरी पुढचं मी केलंच.

अ‍ॅग्डात एक सूचना लिहिता येते: ही व्याख्या थांबते, माझ्यावर विश्वास ठेव. व्याख्येच्या डोक्यावर ती एक ओळ लिहिली की तपास बंद होतो. मी स्वतःला सांगितलं की हे तात्पुरतं आहे. उरलेली सिद्धता होते का ते बघू, मग परत येऊन व्याख्या नीट करू. ओळ लिहिली. नारिंगी रंग गेला.

पुढचे नऊ दिवस फार चांगले गेले. सगळं पटापट जुळत होतं. नवी जागा तयार करण्याची पायरी झाली, वाचण्याची झाली, बदलण्याची तर दहा ओळींत झाली. मेमरी वाढली तरी आधी गुणी असलेलं गुणीच राहतं हे लेमा मला अवघड जाईल असं वाटलं होतं, ते एका दुपारी सुटलं. दहाव्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शकांना लिहिलं, की रेफरन्स असलेल्या भाषेतही प्रत्येक प्रोग्राम थांबतो, सिद्धता पूर्ण आहे, एक व्याख्या तेवढी नीटनेटकी करायची आहे.

तिकडे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला सरांना तशी हाक मारायला सहा महिने लागले होते. ते माझ्या खोलीत आले, उभ्या उभ्या फाइल वाचली, ती सूचना दिसली तिथे थांबले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं: "हे प्रमेय खरं आहे का?"

मी म्हणाले, सिद्ध झालंय.

ते म्हणाले, "लँडिनची गाठ माहीत आहे?" आणि फळ्यावर चार ओळी लिहिल्या. पीटर लँडिन हे 1960 च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलसवरून प्रोग्रामिंग भाषांचा अर्थ लावणारे ब्रिटिश संशोधक. ती गाठ त्यांच्या नावाने ओळखली जाते. ओळी अशा:

एक, 'र' नावाची जागा तयार कर आणि तिच्यात 'आलेला आकडा तसाच परत दे' हे फंक्शन ठेव. दोन, 'फ' हे नवं फंक्शन: आकडा घे, 'र'मध्ये या क्षणी जे फंक्शन असेल ते काढ, आकडा त्याला दे. तीन, 'र'मध्ये आता 'फ' ठेव. चार, 'फ'ला शून्य दे.

मी फळ्याकडे बघत राहिले. 'फ' 'र'मध्ये बघतं, तिथे 'फ' सापडतं, ते 'र'मध्ये बघतं. प्रत्येक ओळीचा टाइप बिनचूक जुळतो, आणि प्रोग्राम कधीही थांबत नाही. भाषेत पुनरावृत्तीची सोयच नव्हती, मेमरीतून वळसा घालून ती आत आली होती. नऊ दिवस मी एक असत्य विधान सिद्ध करत होते.

सर गेल्यावर मी एक काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं. ही चार ओळींची गाठ मी माझ्या भाषेत लिहिली, तिचे टाइप जुळवले आणि माझं 'प्रमेय' तिला लावलं. प्रमेय म्हणालं, ही थांबते. दुसऱ्या बाजूने पंधरा ओळींत सिद्ध केलं की ती थांबत नाही. दोन्ही एकत्र ठेवल्यावर अ‍ॅग्डाने मला रिकाम्या टाइपची एक वस्तू दिली. त्या टाइपमध्ये काहीच असता कामा नये. त्याचा अर्थच 'असत्य'. अ‍ॅग्डात माझ्या हातात असत्याची सिद्धता होती, आणि तिच्या मुळाशी मी स्वतः लिहिलेली ती एक ओळ.

रात्री घरी फोन केला. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, पण अण्णांच्या दुकानात ऊस-पाण्याच्या मोटरींचे दिवस होते, ते जागेच होते. "अण्णा, तुमच्याकडे झोपायची वेळ झाली ना?" म्हटलं. "तू बोल," म्हणाले. मी त्यांना टाइप वगैरे सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की यंत्र एका जागी सारखं अडवत होतं, तर मी ती अडवणूकच बंद करून टाकली आणि पुढे सगळं चुकीचं निघालं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घातलीस. मग लोडकडे कोण बघणार?"

किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळलेली आणि त्यापायी जळालेली मोटर अशी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे दर आठवड्याला येतात. मी लहानपणी त्या काळ्या पडलेल्या वाइंडिंगचा वास घेत गृहपाठ केला आहे. त्यांना माझं काम कळत नाही असं मी तोवर समजत होते.

दुसऱ्या दिवशी ती सूचना काढली आणि सात ओळी पुन्हा नारिंगी होऊ दिल्या. या वेळी त्या दुरुस्त करायच्या नव्हत्या, वाचायच्या होत्या. फंक्शनची व्याख्या मेमरीकडे जाते, मेमरीची फंक्शनकडे येते. 'फ' 'र'कडे जातं, 'र' 'फ'कडे येतं. शेजारी शेजारी दोन बाणांच्या आकृत्या काढल्या तेव्हा दिसलं, की व्याख्येतला वळसा हाच गाठीतला वळसा आहे. अ‍ॅग्डाला लँडिन माहीत नव्हते. तरी तिने गाठीच्या नेमक्या जागेवर बोट ठेवलं होतं, आणि मी महिनाभर तिला दोष देत होते.

मेमरी ही आमच्या क्षेत्रातली जुनी अवघड जागा आहे, हे मग वाचत गेले तसं कळत गेलं. एमएल भाषेत रेफरन्स आणि कोणत्याही टाइपला चालणारी फंक्शन्स एकत्र आली, की टाइप सिस्टिमला भगदाड पडायचं. अँड्र्यू राइट यांनी 1995 मध्ये मांडलेला साधा निर्बंध 1997 च्या सुधारित स्टँडर्ड एमएलने स्वीकारला, तेव्हा तो प्रश्न मिटला. ज्यांना थांबण्याची हमी नको, फक्त प्रोग्राम भलत्या अवस्थेत जाणार नाही एवढंच हवंय, त्यांच्यासाठी अपेल आणि मॅकअ‍ॅलिस्टर यांनी 2001 मध्ये वेगळी उतरण शोधली: टाइप लहान होत नसेल तर पावलं मोजा. 'पुढची शंभर पावलं गुणी' ही व्याख्या 'पुढची नव्व्याण्णव पावलं गुणी' हिच्यावर टेकते. ही कल्पना मला आजही अतिशय सुंदर वाटते. रस्ट भाषेच्या सुरक्षिततेची 2018 मधली यंत्राने तपासलेली सिद्धता, रस्टबेल्ट, याच घराण्यातली आहे.

मला मात्र थांबणंच हवं होतं. आधी सर्वांत सोपा उपाय केला: मेमरीत फक्त आकडे ठेवायचे, फंक्शन नाही. आकडा गुणी आहे का हे ठरवायला मेमरी लागत नाही, त्यामुळे उतरण परत आली. नऊ दिवसांत लिहिलेलं बहुतेक सगळं जसंच्या तसं वापरता आलं, आणि मार्चमध्ये फाइल रंगाशिवाय लोड झाली. पण या भाषेत कामाचं फार थोडं लिहिता येतं. म्हणून पुढे पातळ्यांची वाट धरली. जेरार बुदोल यांनी 2007 मध्ये ती कल्पना मांडली होती: प्रत्येक जागेला पातळी द्यायची, आणि एखाद्या जागेत फक्त असंच फंक्शन ठेवू द्यायचं जे चालताना तिच्याहून खालच्या पातळीच्या जागांनाच हात लावतं. फंक्शनच्या टाइपवरच ते कोणत्या पातळीपर्यंत पोचतं हे लिहिलेलं असतं. उतरण आता पातळ्यांची. हे सगळं अ‍ॅग्डात उतरवायला आणखी दीड वर्ष गेलं, तो माझ्या प्रबंधाचा चौथा भाग आहे.

लँडिनची गाठ मी फाइलीतून काढलेली नाही. चाचणी म्हणून शेवटी ठेवली आहे. पातळ्यांच्या भाषेत पहिली ओळ चालते, 'र'ला पहिली पातळी मिळते. दुसरी चालते, 'फ'च्या टाइपवर पहिल्या पातळीपर्यंत पोचल्याची खूण उमटते. तिसऱ्या ओळीत 'फ' 'र'मध्ये ठेवायला गेलं की टाइपचेकर तिथे थांबतो.